आतल्या खोलीची वायर

मोडेमचा दिवा पुन्हा विझला, तेव्हा लाइनमनचा हात वायरला लागलासुद्धा नव्हता. तो हॉलमध्ये उकिडवा बसून नुसता बघत होता.

“गेलं ना?” मोबाइलवरून घराचा मालक म्हणाला. मालक राहायला परदेशात. घरात त्याचे म्हातारे वडील आणि त्यांना सांभाळणारी बाई, एवढीच माणसं. “रोजचंच झालंय हे. बाबांच्या खोलीत कॅमेरा लावलाय, पण नेट जातं आणि माझ्यासमोर पडदा काळा. तुमची माणसं येतात, मोडेम बदलतात, चहा पितात, जातात.”

“मी चहा घेत नाही,” लाइनमन म्हणाला.

फोनवरचा मुलगा हसला. मग त्याचा आवाज जड झाला. “अर्धांगवायूने त्यांची वाचा गेली हो. काही झालं तर हाकसुद्धा मारता येणार नाही. मावशी असतात दिवसरात्र, पण परक्या माणसाचा काय भरवसा? म्हणून मीच डोळ्यांत तेल घालून बसतो.”

लाइनमनला गलबलून आलं. त्याचा बाप गेला तेव्हा तो कुठल्याशा खांबावर चढला होता आणि खिशातला मोबाइल वाजून वाजून बंद पडला होता. मुलगा असावा तर असा, असं त्याला वाटलं. फोन ठेवताना त्याने मनाशी ठरवून टाकलं, आज ही लाइन सुधारल्याशिवाय इथून हलायचं नाही.

खांबापासून दारापर्यंत लाइन ठणठणीत होती. दारापासून हॉलपर्यंतही. मग दुखणं होतं कुठे? हॉलमधल्या जुन्या टेलिफोनच्या डबीतून आणखी एक वायर निघाली होती. भिंतीबरोबर तिलाही इतक्यांदा रंग लागला होता, की आधीच्या लोकांना ती दिसलीच नसावी. किंवा चहाच्या नादात दिसूनही दिसली नसेल. एकाच लाइनवर आत दुसरा फोन ठेवायची पूर्वी फार हौस असायची; आता नेटही त्याच लाइनवरून येत होतं. लाइनमन वायरीच्या मागे मागे गेला आणि म्हाताऱ्याच्या खोलीत पोचला.

म्हातारा खिडकीशी खुर्चीत बसला होता. दाढी ताजी, भांग नीट पाडलेला. बाहेर कुणीतरी उलटी करून ठेवलेली सायकल दुरुस्त करत होतं, ते बघण्यात तो गुंगून गेला होता. पलंगापासून खिडकीपर्यंत खुर्ची ओढल्याच्या रेघा फरशीवर उमटलेल्या होत्या.

बाई दारातच आडवी आली. “इथे काही नाही, भाऊ.”

“फोन आहे ना.”

“तो कोण वापरतंय?”

कपाटावरच्या त्या फोनवर बोटभर धूळ होती, रिसीव्हर मात्र लख्ख. तो उचलून बाजूला ठेवलेला होता. लाइनमनने तो जागेवर ठेवला आणि हॉलमध्ये येऊन पाहिलं. मोडेमचा दिवा लुकलुकू लागला, आता लागणार एवढ्यात पुन्हा गपकन विझला. तो तसाच मागे फिरला. रिसीव्हर परत बाजूला काढलेला, आणि शेजारी बाई, चोरी पकडली गेल्यासारखी.

आता त्याने खोली नीट पाहिली. पलंगाच्या कठड्याला कापडी पट्टी लोंबत होती, वापरून वापरून मऊ झालेली. म्हाताऱ्याचं डावं अंग लुळं होतं. जो उजवा हात चालत होता, त्याच्या मनगटावर लाल वळ होते. लाइनमनच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला आणि पाठोपाठ तळपायाची आग मस्तकाला गेली.

“यांना बांधून ठेवता?”

“ठेवावं लागतं,” बाई हळू आवाजात म्हणाली.

“आणि मुलाला दिसू नये म्हणून हा फोन.”

“दिसू नये म्हणूनच.” तिने त्याच्यापुढे हात जोडले. “ही वायर राहू द्या, भाऊ. तुम्हाला वाटतंय तसं नाही. त्यांना कळलं तर माझी नोकरी जाईल. मग यांच्याकडे कोण बघणार?”

“मुलगा बघेल,” लाइनमन म्हणाला आणि त्याने पक्कड काढली.

म्हाताऱ्याने चालत्या हाताने त्याची बाही धरली. तो जोरजोरात मान हलवत होता, घशातून घरघर निघत होती, आणि डोळ्यांतलं पाणी गालांवर ओघळत होतं. लाइनमनला त्याची फार दया आली. त्याने खाली वाकून त्याचा हात थोपटला.

“घाबरू नका, बाबा. आता तुमचा मुलगा तुम्हाला सारखा बघत राहील.”

म्हाताऱ्याने बाही सोडली.

लाइनमनने वायर डबीपाशीच तोडली, भिंतीवरून ओरबाडून काढली आणि गुंडाळी करून फोनसकट आपल्या पिशवीत टाकली. पुन्हा जोडायचं नावच नको. मोडेमचा दिवा लागला तो लागूनच राहिला. त्याने मुलाला फोन केला.

“झालं काम. आतला जुना फोन कुणीतरी उचलून ठेवत होतं, म्हणून नेट जायचं. कुणी आणि का, ते आता तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी बघा.”

“फार उपकार झाले,” मुलगा म्हणाला.

आता निघायचं, पण बाईची जिरलेली बघितल्याशिवाय लाइनमनचा पाय निघेना. पिशवी खांद्याला लावून तो खोलीच्या दारात येऊन थांबला. बाई खिडकीशी म्हाताऱ्याचे डोळे पदराने पुसत होती. भिंतीवरच्या कॅमेऱ्याचा हिरवा ठिपका पेटला आणि त्यातून मुलाचा तोच प्रेमळ आवाज आला.

“मावशी, बाबा खुर्चीत कसे? झोपवा त्यांना आणि हात बांधून टाका.”