वजा एक

"पडलं!" भीमराज ओरडला, आणि आकुर्डीच्या एका कारखान्यातल्या कॉम्प्युटरचे आठही पडदे एका दमात काळे झाले.

आठवड्यातली ही तिसरी खेप. विभागाचे मुख्य कर्णिकसाहेब दारातूनच म्हणाले, "पद्मजाबाई, तुमचा तो नोंदींचा प्रोग्राम आल्यापासून हे सुरू झालंय. साडेतीनला दुसरी पाळी बसेल. तेव्हा पुन्हा पडलं, तर मी तो काढून टाकणार. मशीन पाडणारी नोंदवही काय चाटायची?"

पद्मजाला रडूही येत होतं आणि रागही. तीन महिने डोळे फोडून तिने तो प्रोग्राम लिहिला होता. कॉम्प्युटरवर, म्हणजे त्यांच्या भाषेत मशीनवर, कोणी काय केलं ते तो टिपून ठेवी, आणि दर अर्ध्या तासाने एक छोटा मदतनीस प्रोग्राम जन्माला घालून त्याच्याकडून त्या नोंदी टेपवर उतरवून घेई. या मदतनिसाला खोलीत सगळे 'पोर' म्हणत. जन्मताच पोराला नंबर मिळे. काम झालं की त्याच नंबरला 'संपव' असा हुकूम जाई. इतका सरळ संसार, त्यात चूक निघणार तरी कुठे?

भीमराज मशीनचा ऑपरेटर, महाळुंग्याचा. मशीन परत उभं राहीपर्यंत त्याने छापील नोंदींची गुंडाळी फरशीवर लांबच लांब पसरली आणि गुडघे टेकून तो एकेक ओळ वाचू लागला.

"ताई, हिकडं या. पोरांचे नंबर बघा. बाराशे चार, बाराशे साठ, तेराशे दोन... आन् पडायच्या आदी ह्ये काय? वजा एक."

"वजा एक?"

"सोमवारी बी वजा एक. बुधवारी बी त्येच." भीमराजने मान वर केली. "नंबर वजा कसा आसंल? ताई, पोर झालंच न्हाई, आन् आपण बारसं उरकून बसलो!"

पद्मजा ताडकन उठली. कपाटातलं जाडजूड मॅन्युअल तिने टेबलावर आपटलं आणि पानं उलटू लागली. सापडलं! मशीनवर गर्दी असली, की ते नवं पोर देत नाही. नकार म्हणून वजा एक पाठवतं. आणि ती तो नकारच पोराचा नंबर समजून टिपत आली होती. बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी, त्यातली गत! पण मशीन का पडावं? तिने 'संपव'चं पान काढलं. बोट ओळीवरून सरकत एका जागी थांबलं. 'संपव' हा हुकूम वजा एकला दिला, तर त्याचा अर्थ मशीनवर जे जे चालू आहे त्या सगळ्यांना संपव.

"अहो भीमराज, मीच सांगत होते मशीनला!" ती हसत सुटली. "आठवड्यात तीनदा! सगळ्यांना मार म्हणून!"

तीन वाजून गेले होते. तिने चार ओळी घातल्या. पोर झालं का, हे आधी विचारायचं. झालं नसेल तर तसं कागदावर छापायचं, कुणालाही हुकूम द्यायचा नाही, आणि अर्ध्या तासाने पुन्हा बघायचं.

"पण आज गर्दीच झाली नाही, तर दुरुस्ती कळणार कशी?" पद्मजा म्हणाली.

"न्हाई कशी हुतीया!" म्हणत भीमराज बाहेर धावला. काचेपलीकडे दुसऱ्या पाळीची माणसं येऊन बसू लागली होती. आठही टेबलांशी वाकून तो सांगत सुटला, "भाऊ, जेवढी कामं लावता येतील तेवढी लावा. लाजू नका!"

साडेतीनला कर्णिकसाहेब घड्याळ बघत आत आले. मशीन धापा टाकत होतं. पद्मजाने टेबलाची कड घट्ट धरली. छपाईयंत्र खडखडलं आणि एक ओळ बाहेर आली. तिने आनंदाने किंकाळीच फोडली.

कर्णिकसाहेबांनी चष्मा वर करून ती ओळ मोठ्याने वाचली. "पोर झालं नाही." ते भडकले. "म्हणजे फेलच गेलं की! आणि तुम्ही नाचताय काय?"

पद्मजाला हसू आवरेना. भीमराजने काचेपलीकडे हात केला. आठही पडदे उजळलेले होते आणि माणसं मान खाली घालून खटाखट कामाला लागली होती.

"व्हय साहेब, फेल गेलं," तो म्हणाला. "पर बाकीची समदी जित्ती हायेत."