बाबांच्या कार्डावरचा हेल्थ क्लब

बाबांच्या क्रेडिट कार्डावरून एक अनोळखी हेल्थ क्लब दर महिन्याला पैसे कापत होता. ते कार्ड आम्ही एकदाच वापरलं होतं, माझ्या धाकट्या बहिणीच्या, अश्विनीच्या, पुण्यातल्या होस्टेलची अनामत भरायला. तिला तिथं प्रयोगशाळेत नोकरी लागली म्हणून बाबांनी अख्ख्या मेहकरात पेढे वाटले होते.

“चोर हायेत साले! आजच्या आज बंद कर,” बाबा म्हणाले. मी अंगणात जाऊन त्या कंपनीला फोन लावला आणि विचारलं, “हे सभासदत्व घेतलं कोणी?”

“आमच्या इथल्याच अश्विनी मॅडमनी नोंदवलंय, सर,” पलीकडची मुलगी म्हणाली. मग तिनं आवाज खाली आणला. “नवीन लोक सुरुवातीचे ग्राहक घरचेच देतात. तुम्ही रद्द केलं, तर याच महिन्यात त्यांना कामावरून काढतील. करू का रद्द?”

आतून बाबांनी विचारलं, “झालं का बे बंद?”

“हाव बाबा, झालं.”

 

मग हळू आवाजात मी त्या मुलीला बाबांच्या कार्डाऐवजी माझ्या कार्डाचा नंबर सांगितला.