रांगेचं मस्टर

सकाळी सातच्या हजेरीला बेचाळीसच्या बेचाळीस जणांनी "हजर" म्हटलं, आणि कुंदा मनातून सुखावली. भांडुपच्या कारखान्यात टाइम ऑफिसला नऊ वर्षं काढून तिला अशी भरगच्च हजेरी एकदाही मिळाली नव्हती.

मुलुंडच्या टॉकीजबाहेर फुटपाथवर शनिवार संध्याकाळपासून ही मंडळी पथारी टाकून होती. त्यांच्या हिरोचा तीन वर्षं अडकलेला पिक्चर शुक्रवारी लागणार होता. आज सोमवार. दहाला ॲडव्हान्स बुकिंगची खिडकी उघडायची होती. "रांगेत राडा नको, रजिस्टर कुंदा ठेवेल," असं फॅन क्लबचा अध्यक्ष श्यामकांत पहिल्याच दिवशी म्हणाला होता. कुंदाने ते कारखान्याच्या मस्टरसारखं ठेवलं. प्रत्येकाच्या मनगटावर बॉलपेनने नंबर, दर तीन तासांनी हजेरी आणि जो जागेवर नाही त्याच्या नावावर लाल रेघ. त्यात दयामाया नाही.

रविवारी ती रेघ इग्नेशियसच्या नावावर पडली. गावठाणातला साठीचा माणूस, सहावा नंबर.

"चर्चला मिस्साला गेल्तो, बाय. धा मिनटा उशीर झाला," तो म्हणाला.

"नियम म्हणजे नियम, काका. तुम्हाला सोडलं तर मग सगळ्यांनाच सोडावं लागेल."

तिने त्याच्या मनगटावरचा सहा खोडून बेचाळीस लिहिला आणि त्याच्या मागच्या सगळ्यांना एकेक नंबर पुढे सरकवलं. तो चटई उचलून रांगेच्या टोकाला गेला. कुंदाला वाईट वाटलं, पण खरं सांगायचं तर थोडा अभिमानही वाटला. पहिल्या दिवसाचा पहिला शो सगळ्यांनी मिळून बघायचा, रांगेतलं कोणीही रिकाम्या हाताने घरी जाणार नाही, असा शब्द तिने प्रत्येकाला दिला होता. शब्द पाळायचा तर शिस्त हवीच.

दहाला खिडकी उघडली. क्लार्कने तिकिटांचं पुस्तक काढलंच नाही. त्याने शुक्रवारच्या पहिल्या शोची 'हाउसफुल्ल'ची छोटी पाटी जाळीला अडकवली.

"अहो, असं कसं?" पहिल्या नंबरवरची कुंदा म्हणाली. "एक तिकीट नाही गेलं अजून. परवापासून बसलोय आम्ही इथे."

"गेली ना. निम्मं थेटर डिस्ट्रिब्यूटरच्या पाहुण्यांना, आणि उरलेली सगळी तुमच्याच क्लबला. काल संध्याकाळी अध्यक्ष घेऊन गेले." क्लार्कने एक कागद जाळीला लावून दाखवला. "ही काय यादी. बेचाळीस मेंबर, माणशी चार तिकिटं."

कागदावर कुंदाचं अक्षर होतं. काल दुपारी श्यामकांतने "क्लबच्या फायलीला एक कॉपी करून दे ना" म्हटलं, आणि तिने पट्टीने रकाने आखून ती करून दिली होती. खाली, बेचाळिसाव्या ओळीत इग्नेशियस. यादीत एकही चूक नव्हती.

"मग तिकिटं आहेत कुठे?"

क्लार्कने हनुवटीने रस्त्यापलीकडे दाखवलं. पानवाल्याजवळ दोन माणसं उभी होती. जाणाऱ्या-येणाऱ्याच्या कानाशी लागून म्हणत होती, "पहला शो, पहला शो."

पाच वर्षं ज्याच्या बरोबरीने खळीचे डबे उचलून भिंतीभिंतींवर पोस्टरं चिकटवली, त्याने हे करावं? आणि तेही तिच्याच हाताने करून घ्यावं? राग एवढा आला की रडूच येईल असं तिला वाटलं.

तेवढ्यात टॉकीजचं बाजूचं दार किलकिलं झालं. श्यामकांतने आतूनच हाक मारली, "कुंदा! इकडे ये ना जरा."

ती गेली. त्याने तिच्या हातात तिकीट सरकवलं. "बाल्कनी, मधली सीट. तुझं मी आधीच बाजूला काढलेलं."

"आणि ह्यांचं काय?"

"ह्यांचं काय होणार? पिक्चर पळून जातोय काय कुठे? रविवारी बघतील."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू ठेवलं असतंस रजिस्टर?" श्यामकांत हसला. त्या हसण्यात खोट नव्हती, त्याला खरंच कौतुक वाटत होतं. "यार, तू होतीस म्हणून जमलं. दुसरं कोणी असतं ना, लोक कालच खिडकीवर चढले असते. तुझ्यावर जाम विश्वास आहे त्यांचा."

कुंदाने तिकीट त्याच्या खिशात कोंबलं. आता शिव्या पडणार, कदाचित मारही, अशा तयारीने ती रांगेकडे वळली.

पुढच्या पाच-सहा जणांनी पाटी वाचली होती. ते तिच्याकडे बघत होते. मागे अजून काही पोचलं नव्हतं. तिथे लोक चटया गुंडाळत होते, शर्ट झटकून पँटीत खोचत होते.

रांगेच्या टोकाला इग्नेशियस टाचा उंचावून तिलाच शोधत होता. ती दिसताच त्याने बाही वर सारली आणि हात उंच केला.

"कुंदाबाय, धा वाजून गेले. हजेरी घ्या ना. मी हाय जाग्यावर."