प्लास्टरवरची सही

आमचे हे प्रचाराचे झेंडे लावत होते. विरोधकांच्या एका टग्यानं शिडी ओढली आणि यांचा पाय मोडला. आमचे उमेदवार दवाखान्यात धावत आले. "हा पाय जन्मात विसरणार नाही," म्हणत त्यांनी प्लास्टरवर ठसठशीत सही केली. ती सही बघून आख्ख्या गल्लीनं एकगठ्ठा मतं देऊन त्यांना आमदार केलं. यांनी सहीला पाण्याचा थेंब लागू दिला नाही. आज प्लास्टर काढायला आलो, तर कापणाऱ्यालाही बजावलं, "साहेबांची सही जपा हं!" तेवढ्यात भिंतीवरच्या टीव्हीत आमचे आमदार दिसले. ते विरोधकांच्या पक्षात शिरले होते आणि त्यांना हार घालत होता तोच टग्या. कापणाऱ्यानं करवत उचलली. "सहीच्या बाजूनं घेऊ ना?" हे टीव्हीकडेच बघत राहिले. शेवटी मीच म्हटलं, "सहीवरूनच कापा. पाय तेवढा सांभाळा. तो आमचा आहे."