ढोलीमागचं लुगडं

गोधडीच्या क्लासला नवं कापड आणायचं नाही, हा धनवंताबाईंचा एकच हट्ट. गावोगाव हिंडून त्या बायकांना टाका शिकवायच्या आणि पहिल्याच दिवशी बजावायच्या, "घरातलाच जुना कपडा आणजा, बाई हो. कोन्यात पडलेला, विसरलेला."

नुकतंच लग्न होऊन गावात आलेल्या रिंकीला धान साठवायच्या ढोलीमागं कोंबलेलं एक हिरवं लुगडं सापडलं. नवऱ्याला न विचारताच तिनं ते आणलं.

धनवंताबाईंनी ते उलगडलं. पदराजवळ लाल दोऱ्याचा रफू होता, तिथं त्यांचं बोट थांबलं.

"हा लुगडा कोणाचा व, पोरी?"

"आमच्या घरचाच. काऊन?"

"हा रफू माह्या हातचा होये." बाईंचा आवाज इतका खाली गेला की रिंकीला पुढं वाकावं लागलं. "माही लेक नीला हाच नेसून बजाराले गेली होती. वापस आलीच नाही. गावोगाव मी हाच तं धुंडून राहिली."

रिंकीला घरची ढोली आठवली. त्या ढोलीला नवऱ्याशिवाय कुणी हात लावत नसे.

तेवढ्यात बाहेर ओळखीची मोटारसायकल थांबली. "माहा नवरा आला," रिंकी पुटपुटली. बाईंनी झटकन लुगड्यावर अस्तर पसरलं आणि त्याची कड रिंकीच्या हातात दिली.

"टाका घालत राय. वर पाहू नको."

दारातून नवऱ्याचा आवाज आला, नेहमीपेक्षा मऊ.

"रिंकी, ढोलीमागचा कपडा तूनं काढला का व?"