पुढे पळणारा टायमर

टिकटिकणारा टायमर वर्गात या हातातून त्या हातात फिरत होता. प्राण्याचं नाव सांगायचं आणि तो पुढे द्यायचा. ज्याच्या हातात वाजेल तो बाद. खेळ तिसरीच्या बाईंनीच काढला होता. अडखळत बोलणाऱ्या नव्या मुलीकडे टायमर आला, तेव्हा त्यांना चूक कळली. "जि... जि..." मुलगी अडकली. आधीच्या शाळेत सगळे हसले, तेव्हापासून तिने वर्गात तोंडच उघडलं नव्हतं. खेळ थांबवला तर तिची शोभा होणार, नाही थांबवला तर घंटा वाजणार. शेजारी वर्गाचा 'रेडिओ' बसला होता, कुणाचीही टर उडवणारा मुलगा. त्याने हात घालून टायमरची चकती मागे फिरवून वेळ वाढवली. "काय करतोयस रे?" "बाई, हा पुढे पळतोय." मग तो मुलीकडे वळला. "निवांत सांग. तुझ्यानंतर मी आहे, मला काहीच सुचत नाहीये." "जि... जिराफ," म्हणत तिने टायमर त्याच्या हातात कोंबला.