सेमिसींच्या घरी काही उरत नाही

सेमिसींची डुकरीण वाचली. आता हे तुम्ही ऐकलंच नाही असं धरा. कारण त्यांची सून लेसिएली हातात दोर घेऊन कुंपणाशी उभी आहे, तिचा नवरा मागे डुक्कर भाजायला भट्टीचा खड्डा खणतोय, आणि उद्या रविवारी चर्चच्या पाहुण्यांना जेवू घालायची पाळी त्यांच्याच घराची आहे.

"अगं बाई!" लेसिएली म्हणाली. डुकरिणीच्या बरगड्या रस्त्यावरून मोजता आल्या असत्या.

घरात अन्न वाया घालवायचं नाही, असं गावाच्या महिला मंडळाने ठरवलं, तेव्हा झाडून सगळ्या पुरुषांनी जांभया दिल्या होत्या. जन्मात कशाला होकार न दिलेले सेमिसी तेवढे टाळ्या वाजवत उठले. त्या दिवसापासून घरातलं उरलंसुरलं त्यांनी एकट्याने संपवलं. कसाव्याच्या शिळ्या फोडी, करपलेला नीरफणस, रताळ्याची सालं. नारळाचा चोथा खाताना त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. "काय चव आहे!" म्हणायचे. मंडळाच्या बायका आपापल्या नवऱ्यांना धरून हे बघायला आणायच्या. लेसिएलीचा ऊर भरून यायचा, सेमिसींच्या शर्टाची बटणं तुटायची.

त्याआधी उरलेलं कुणाच्या पोटात जायचं, हे मात्र मंडळात कुणी विचारलंच नव्हतं. टोंगाच्या बेटांवर ते विचारावं लागत नाही. डुकरांच्याच.

"मामंजी, आजारी आहे का ही?"

"छे! ठणठणीत आहे. ओहोटी लागली की जाते समुद्रात, शिंपले उकरून खाते. एवढं चालणाऱ्या बाईच्या अंगावर चरबी कशी धरणार?"

"आणि घरातलं हिच्या वाट्याचं?"

सेमिसींनी ढेकर दाबला. डुकरीण येऊन त्यांच्या पायावर हनुवटी टेकून बसली. आई मेलेलं पिल्लू होती, तेव्हा त्यांनी तिला शर्टात घालून बाटलीने दूध पाजलं होतं. त्यांना तिला नाव ठेवायचं नव्हतं, नाव ठेवलं की कापवत नाही म्हणून. हाक मारायचे ते 'बाईसाहेब' अशी.

"मामंजी, खरं सांगा. चोथा आवडतो तुम्हाला?"

"शी! मेलो तरी नाही."

लेसिएलीने त्यांच्या पोटाकडे पाहिलं, मग त्या बरगड्यांकडे. ओठ चावून तिने हसू आवरलं आणि दोर गुंडाळायला घेतला.

"अहो, ऐकलं का?" ती नवऱ्याला ओरडली. "खड्डा लहानच राहू द्या. मासे भाजायचेत!"

सेमिसींनी टोपी काढून छातीशी धरली, घसा खाकरला आणि भर सभेत बोलावं तसे म्हणाले, "महिला मंडळास नम्र विनंती. अन्नबचतीच्या कार्यात आपलं ताट सोडल्याबद्दल सदर बाईसाहेबांना उद्याच्या जेवणास सन्मानाने बोलावण्यात यावे. टेबलावर नव्हे, टेबलाशी."